नौपाड्यातलं बिनपाटीचं फ्रेमचं दुकान आणि आजोबांची ‘लॉज’

दुकानाला पाटी नाही, त्यामुळे नाव सांगता येत नाही. ठाण्यात गोखले रोडवरून आतल्या गल्लीत वळलं की पिठाची गिरणी लागते. तिच्यापुढे दोन गाळे सोडून जिथे गणपती, साईबाबा आणि कुणाच्या तरी पोराचं पदवीचं सर्टिफिकेट एका रांगेत काचेआड उभे दिसतील, ते दुकान. गिरणीवाल्याला विचारलंत तर तो मान वर न करता पिठाचा हात त्या दिशेला करतो. फेब्रुवारी ते जून मी तिथे नऊ खेपा घातल्या, ७,३५० रुपये मोजले आणि दोनदा भांडले. एवढं होऊनही मी लोकांना तिथे जा म्हणून सांगत फिरते, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

साधा फोटो फ्रेम करायचा असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. साध्या फोटोला दोन दिवस लागतात, भाव स्टेशनजवळच्या दुकानांपेक्षा थोडा चढा, कोपरे मात्र चोख. माझं काम साधं नव्हतं.

आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि आम्ही घोडबंदरला भाड्याच्या घरात आलो. माळा रिकामा करताना आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली आली. माझे आजोबा, म्हणजे वडिलांचे वडील, १९२३ साली बोटीने केंब्रिजला गणित शिकायला गेले, १९२६ साली परत आले आणि पुढची सगळी हयात त्यांनी शाळेतल्या मुलांना भूमिती शिकवण्यात घालवली. ट्रंकेत त्यांचं जे होतं त्याला घरात ‘लॉजचं सामान’ म्हणत. लहानपणी मला वाटायचं, आजोबा तिकडे कुठल्याशा लॉजमध्ये राहत असतील आणि निघताना तिथून हे उचलून आणलं असेल, लोक हॉटेलातला टॉवेल आणतात तसं.

सामान म्हणजे दोन वस्तू. एक पांढरा एप्रन, कडेने फिकट निळी रेशमी पट्टी, त्यावर तीन निळी फुलं, दोन बाजूंना निळ्या फिती आणि त्यांच्या टोकांना चांदीच्या रंगाच्या सात-सात बारीक साखळ्या. कमरेच्या पट्ट्याला आकडा आहे तो नागाच्या आकाराचा, इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला. आजी दर नागपंचमीला ट्रंक उघडून त्या नागाला हळदकुंकू लावायची. पट्ट्यावर पिवळा डाग अजून आहे. तो पांढरा एप्रन कोकराच्या कातड्याचा आहे हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही, नाहीतर ट्रंक माळ्यावर काय, घरातही राहिली नसती. दुसरी वस्तू पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळलेला एक मोठा दाखला. त्यावर तीन खांब छापलेले, खांबांच्या मधल्या जागेत एकीकडे इंग्रजी मजकूर, दुसरीकडे तोच लॅटिनमध्ये, खाली काळ्यापांढऱ्या फरशीवर मांडलेली हत्यारं, आणि समासात आजोबांची सही. त्यांची सही मी शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पाहिली आहे, तीच.

आधी मी घराजवळच्या एका मॉलमधल्या गिफ्ट-फ्रेमच्या दुकानात गेले होते. तिथला मुलगा म्हणाला, ‘आंटी, लॅमिनेट करून टाका, लाइफटाइम टेन्शन नाही.’ नशिबाने मी चाचणी म्हणून आजोबांचा एक फोटो दिला. पंधरा दिवसांत आजोबांच्या पगडीवर हवेचा फुगा आला, तो आता निघत नाही. दाखला मी त्या दुकानात बाहेरच काढला नाही.

नौपाड्यातल्या दुकानात एक माझ्याच वयाचे गृहस्थ बसतात, मी त्यांना दादा म्हणते, ते मला ताई म्हणतात. मुलगा आतल्या बाजूला करवतीवर असतो. मी नळकांडं काढलं तसे दादा उठले, मोरीवर जाऊन साबणाने हात धुतले, पंच्याने कोरडे केले आणि मग हात पुढे केला. या एका गोष्टीवर मी पैसे द्यायला तयार झाले होते. त्यांनी दाखला चार बोटं उलगडला, पालथा केला, कोपरा बोटांत चोळला, मग ट्यूबलाइटसमोर धरला.

‘ताई, हा कागद नाही. कातडं आहे.’

मला त्यांनी जवळ बोलावून दाखवलं. उजेडात पाहिलं तर एका बाजूला बारीक ठिपके दिसतात, आपल्या हाताच्या त्वचेवर केसांची भोकं असतात तसे. दुसरी बाजू गुळगुळीत. कागद ओला झाला की फुगतो आणि वाळला की बसतो. कातडं तसं नाही, ते पावसाळ्यात हवेतलं पाणी पितं, त्याला पोट येतं, आणि गोंदाने चारी बाजू डकवून ठेवलेलं असलं तर स्वतःच फाटतं. इस्त्री तर अजिबात नाही, कातडं आखडून बोटाएवढं होईल. शाईला ओला बोळा लावायचा नाही. काचेला टेकवायचं नाही, ठाण्याच्या हवेत एक पावसाळा गेला की ते काचेला चिकटतं. हे सगळं त्यांनी मला वहीत लिहून घ्यायला लावलं, कारण ‘तुम्ही मला विचारून जाल आणि दुसऱ्याकडून स्वस्तात करून घ्याल, निदान नीट तरी करून घ्या.’

मग त्यांनी चष्मा वर करून मजकूर वाचला. इंग्रजी त्यांना बऱ्यापैकी येतं.

‘यावर ५९२५ साल आहे.’

मी म्हटलं, छपाईची चूक असेल. दादा म्हणाले, राजासारखा शिक्का मारलेल्या दाखल्यावर सालाची चूक? त्यांचं बरोबर निघालं. इंग्लंडचे फ्रीमेसन लोक, म्हणजे एका जुन्या बंधुमंडळाचे सभासद, इसवी सनात चार हजार मिळवतात आणि त्याला ‘प्रकाशाचं वर्ष’ म्हणतात, जग निर्माण झालं तेव्हापासून मोजलेलं. १९२५ अधिक ४००० म्हणजे ५९२५. आपण नाही का शके लिहिताना ७८ वजा करत, तसंच. पण हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी नुसती मान हलवली.

पुढचा प्रश्न त्यांनी अगदी सरळ मनाने विचारला. ‘युनिव्हर्सिटी लॉज लिहिलंय. आजोबा तुमचे मॅनेजर होते का तिथे?’

मला हसू आलं आणि लगेच लक्षात आलं की याचं उत्तर मलाही देता येत नाहीये.

इथे या दुकानाची खरी खोड सांगते. जुनी वस्तू असेल तर दादा पाटी केल्याशिवाय फ्रेमची पाठ बंद करत नाहीत. बाहेर पितळेची छोटी पट्टी, आत मागच्या बाजूला एक चिठ्ठी, दोन्हीवर वस्तू काय, कुणाची, कुठली. गिऱ्हाइकाला हे नको असलं तरी ते करतात, आणि पट्टीचे पैसे लावतात. त्यांचं म्हणणं, नातवंडं फ्रेम ठेवतात, आतलं भंगारात देतात, कारण आत काय आहे ते कुणी सांगितलेलंच नसतं. मी म्हटलं, ‘आजोबांचा दाखला’ असं लिहा. ते म्हणाले, ‘ते मलाही दिसतंय. कसला? तुम्ही विचारून या, तोवर मी कातडं सरळ करतो.’ दाखला टिपकागदांच्या मध्ये, वर फळी आणि फळीवर वजनं ठेवून तीन आठवडे पडून राहणार होता. एवढा वेळ मला होता. बँकेतून निवृत्त झाल्यापासून वेळ हीच एक गोष्ट माझ्याकडे बिनव्याजी आहे.

तर तीन आठवडे मी ग्रंथसंग्रहालयाच्या वाचनकक्षात, भाच्याच्या लॅपटॉपवर आणि रात्री मोबाइलवर हा गृहपाठ केला.

लॉज हा शब्द मुळात हॉटेलवाल्यांचा नाहीच, तो गवंड्यांचा. चर्च बांधायला घेतलं की दगड घडवणाऱ्यांसाठी भिंतीला लागून खोपट उभं करत, तिथे हत्यारं ठेवायची, जेवायचं, पाऊस आला की आत बसून दगड तासायचा. ते खोपट म्हणजे लॉज. पुढे गवंडी नसलेले लोकही या मंडळींत सामील झाले (तेच हे फ्रीमेसन, मेसन म्हणजे गवंडी), त्यांच्या एकेका शाखेला लॉज हे नाव राहिलं, हत्यारं नुसती खूण म्हणून उरली. काटकोन तपासायचा गुण्या, उभी रेघ बघायचा ओळंबा, आडवी बघायची पाणसळ. लॉजच्या प्रमुखाच्या गळ्यात आजही गुण्या असतो, त्याच्या हाताखालच्या दोघांच्या गळ्यात पाणसळ आणि ओळंबा. थापीसारखी करणीही आहे त्यांच्यात. गवंड्याच्या हातातली ती करणी आणि कुणी कुणावर करतं तीही करणी. आपल्या भाषेने दोन्हींना एकच शब्द दिलाय, आणि या मंडळींबद्दल लोकांचा नेमका तोच घोटाळा चालत आलाय. उत्तर हिंदुस्थानात त्यांच्या इमारतीला लोक सरळ ‘जादूघर’ म्हणत.

आणि गंमत अशी की बोर्डिंग-लॉजिंगचा संबंध अगदीच तुटत नाही. लंडनच्या चार लॉजनी एकत्र येऊन पहिली ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या लॉजवरची मुख्य संस्था, काढली ती २४ जून १७१७ ला, सेंट पॉल चर्चच्या आवारातल्या ‘गूज अँड ग्रिडआयर्न’ नावाच्या दारूच्या गुत्त्यात. (या तारखेवर अलीकडे इतिहासकारांनी शंका घेतली आहे, काही जण १७२१ धरतात.) त्या चार लॉजची नावंही गुत्त्यांचीच, जिथे बसत त्या जागेची. म्हणजे दादांचा प्रश्न वाटला तितका चुकलेला नव्हता.

आता युनिव्हर्सिटीचं. मला वाटलं होतं, विद्यापीठाने आपल्या मुलांसाठी काढलेलं एखादं मंडळ असेल, आपल्याकडे वाङ्मय मंडळ असतं तसं. तसं नाही. लॉज ग्रँड लॉजच्या हुकमाखाली चालते, विद्यापीठ तिच्यात काही बघत नाही. फक्त सभासद व्हायचं तर त्या विद्यापीठाच्या पटावर तुमचं नाव असलं पाहिजे. सगळा संबंध एवढाच आणि एवढ्यावर दोनशे वर्षं चाललेला.

सुरुवात ऑक्सफर्डची. इंग्लंडात दोन ग्रँड लॉज एकमेकींशी साठेक वर्षं भांडून १८१३ साली एक झाल्या, आणि त्यानंतर सहाच वर्षांनी, १८१९ साली, ऑक्सफर्डला ‘अपोलो युनिव्हर्सिटी लॉज’ उभी राहिली, आजचा क्रमांक ३५७. गावात लॉज असताना विद्यापीठवाल्यांना वेगळी कशाला? एक कारण मला पटतं ते वेळापत्रकाचं. तिथलं सत्र जेमतेम आठ आठवड्यांचं, मग पोरं घरी. गावातल्या दुकानदार-वकिलांची लॉज वर्षभर आपल्या गतीने चालणार, विद्यार्थी तिथे पाहुणाच राहणार. दुसरं कारण वयाचं. एकवीस वर्षांखालच्याला प्रवेश नाही असा त्या काळचा सर्वसाधारण नियम, आणि कॉलेजात मुलगा येतो अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी. एकविसावं लागेपर्यंत त्याचं शिक्षण संपत आलेलं. तेव्हा विद्यापीठाच्या लॉजना ही अट खास परवानगीने सैल करून मिळाली. लेखक ऑस्कर वाइल्डला अपोलोमध्ये घेतलं ते फेब्रुवारी १८७५ मध्ये, त्याचा जन्म ऑक्टोबर १८५४ चा, करा हिशेब. त्याला तिथला पोशाख फार आवडायचा म्हणतात, गुडघ्यापर्यंतची विजार, रेशमी मोजे, पांढरा टाय. आफ्रिकेत इंग्रजांचं राज्य पसरवणारा सेसिल ऱ्होड्स १८७७ साली त्याच लॉजमध्ये आला. एकाच दारातून हे दोघे आत गेले, आणि पुढे एक तुरुंगात गेला, दुसऱ्याच्या नावाने देश निघाला, ऱ्होडेशिया.

एक गोष्ट मला टोचली ती सांगते. १७२३ साली छापलेल्या त्यांच्या घटनेत म्हटलं होतं की सभासदाचा पंथ कोणता ते विचारायचं नाही, सगळ्या माणसांना मान्य असेल तेवढा धर्म पुरे. फार उदार. पण १८१९ च्या ऑक्सफर्डमध्ये पटावर नाव घालतानाच इंग्लंडच्या चर्चची कलमं मान्य असल्याची सही करावी लागे. म्हणजे लॉजचं दार उघडं, पण त्या दारापर्यंत जाणारं फाटक एकाच पंथाच्या लोकांना. कॅथलिक, ज्यू, आपले हिंदू-पारशी, सगळे फाटकाबाहेर. ती अट तिथे १८५४ पासून सैल झाली आणि १८७१ च्या कायद्याने बहुतेक गेली. केंब्रिजला प्रवेश घेताना सही नव्हती, पदवी घेताना होती. शिकून घ्या, पण पदवी मागू नका.

केंब्रिजची लॉज यानंतर, १८६१ ची. आजोबांची ती हीच, ‘आयझॅक न्यूटन युनिव्हर्सिटी लॉज’. दाखल्यावर क्रमांक ८५९ आहे, तो मूळचा नव्हे. १८६३ साली ग्रँड लॉजने बंद पडलेल्या लॉज वगळून सगळ्यांना नव्याने नंबर दिले, त्यात हा आला. इमारत पाडून नवी बांधली की आमच्या सोसायटीत फ्लॅट नंबर बदलणारेत, तसाच प्रकार.

न्यूटन स्वतः फ्रीमेसन होता याचा काही पुरावा नाही. केंब्रिजचा सगळ्यांत मोठा माणूस म्हणून नाव घेतलं. पण न्यूटनचा एक माणूस मात्र खराच होता. जॉन थिओफिलस देसागुलिए, फ्रान्समधून धर्मछळामुळे पळून आलेल्या बापाचा मुलगा, शिकला ऑक्सफर्डला, रॉयल सोसायटीत न्यूटनच्या हाताखाली प्रयोग करून दाखवायचा, आणि १७१९ साली ग्रँड लॉजचा तिसरा प्रमुख, म्हणजे ग्रँड मास्टर, झाला. विज्ञानाची व्याख्यानं पैसे घेऊन कॉफीच्या दुकानांत द्यायची आणि संध्याकाळी लॉज, असा त्याचा दिनक्रम असणार. हे वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की आजोबांना तिथे काय मिळालं असेल ते कळतंय. भूमिती. दाखल्यावरचा गुण्या आणि कंपास बघून त्यांना परकं वाटलंच नसेल.

मुंबईत तर हिंदी माणसाला आधी आतच घेत नव्हते. माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना इथे नकार मिळाला, ते पॅरिसला जाऊन फ्रीमेसन होऊन आले. मग डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरने १८४३ च्या डिसेंबरात मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ काढली, हिंदी लोकांना घेण्यासाठी. हे माणकजी म्हणजे पुढे मुंबईत मुलींची अलेक्झांड्रा शाळा काढणारे, तेच. तेव्हा दार वेगळं काढण्याची तऱ्हा दोन्हीकडे सारखी, ऑक्सफर्डला गावकऱ्यांपासून वेगळं, मुंबईला गोऱ्यांपासून वेगळं. पण ऑक्सफर्डवाल्यांनी ते हौसेने केलं, आणि मुंबईत दुसरा इलाज नव्हता. हा फरक मी दादांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, ‘पाटीवर बसणार नाही.’

मी बाई असल्यामुळे माझा प्रश्न निराळाच. लॉज पुरुषांची, आणि केंब्रिजने बायकांना पुरती पदवी दिली ती १९४८ साली. आजोबा शिकत होते तेव्हा त्यांच्या वर्गात बसलेल्या मुली परीक्षा देत, पास होत, आणि नावापुरती पदवी घेऊन घरी जात. म्हणजे मी तिथे असते तर दोन्ही दारांवर उभी राहिले असते. असो. दाखला तरी आता माझ्या ताब्यात आहे.

विद्यापीठाच्या लॉजची ही कल्पना पुढे फैलावली. अमेरिकेत हार्वर्डला १९२२ साली लॉज निघाली, तिथल्या कायद्याच्या शाखेचे डीन रॉस्को पाउंड पुढाकारात होते. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने २००५ पासून इतर विद्यापीठांच्या गावीही विद्यार्थ्यांसाठी लॉज जोडून द्यायची योजना चालवली, नमुना म्हणून समोर ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या या दोन जुन्याच. आपल्याकडे १९६१ साली भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज झाली. आजोबांनी मात्र परत आल्यावर हे सोडून दिलं. आजीच्या म्हणण्याप्रमाणे कारण तात्त्विक वगैरे नव्हतं, काळा कोट पोटावर बसेना.

तीन आठवड्यांनी मी दादांकडे अकरा ओळींचा मजकूर घेऊन गेले. त्यांनी तो वाचला, खोडायची पेन्सिल मागितली आणि माझ्यासमोर चिरला. गुत्ता गेला, न्यूटनचा माणूस गेला, ऑस्कर वाइल्डही गेला (‘तुमचे आजोबा आहेत की त्याचे?’). पट्टी अक्षरावर मोजतात, म्हणून पैसे वाचवत असतील असं मला वाटलं, पण अक्षरं कमी झाली तर नुकसान त्यांचंच होतं. शेवटी उरलं ते असं:

आयझॅक न्यूटन युनिव्हर्सिटी लॉज, क्र. ८५९, केंब्रिज. स्थापना १८६१. विद्यार्थिदशेत प्रवेश, १९२५. फ्रीमेसन सभासदाचा दाखला व एप्रन.

त्याखाली आजोबांचं नाव. माझ्या मूळच्या अकरा ओळी त्यांनी माझ्याकडून चांगल्या कागदावर काळ्या शाईने लिहून घेतल्या आणि आतल्या चिठ्ठीत घातल्या. ‘केंब्रिज विद्यापीठाची लॉज’ असं मला हवं होतं. ते त्यांनीच अडवलं. ‘विद्यापीठ बघत नाही म्हणालात ना? मग विद्यापीठाची कशी?’ यावर मला बोलता आलं नाही.

पहिलं भांडण इथेच झालं. पट्टी ते बाहेर कोरायला देतात. ती आली तेव्हा तिच्यावर लखलखीत अक्षरांत ‘युनिव्हर्सिटी लॉजिंग’. कोरणाऱ्याने आपल्या अकलेने शब्द पुरा केला होता. दादा म्हणाले, पट्टी कोण वाचतंय. तीन आठवडे मला राबवून हे वाक्य! मी खुर्चीतून उठले. त्यांच्या मुलानेच मध्ये पडून नवी करून देतो म्हटलं, आणि दिली, पैसे न घेता. जुनी पट्टी मी मागून घेतली, ती आता माझ्या स्वयंपाकघराच्या दारावर आहे.

दुसरं भांडण वेळेचं. एप्रिलच्या मध्यावर देणार होते, मिळालं जूनच्या पहिल्या आठवड्यात. फोन उचलत नाहीत. उचलला तर ‘काच यायचीय’. घोडबंदरहून मेट्रोच्या खांबांखालून बसने नौपाड्यात यायचं, आणि ‘काच यायचीय’ ऐकून परत जायचं, हे दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी चिडले तेव्हा त्यांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, पाऊस लागायच्या आत बंद करायचं होतं म्हणून मीही घाईत आहे. घाईची त्यांची व्याख्या वेगळी आहे एवढं धरून चला.

आता काम. दाखला कुठेही चिकटवलेला नाही. चार कोपऱ्यांवर पारदर्शक त्रिकोणी खिसे आहेत, त्यात तो नुसता बसवलाय, खिसे थोडे सैल, म्हणजे कातड्याला फुगायला-आखडायला जागा. मागे आम्ल नसलेला बोर्ड. पुढे माउंटची, म्हणजे चौकटीतल्या पुठ्ठ्याच्या किनारीची, जाडी आणि आतून एक अरुंद पट्टी, त्यामुळे काच दाखल्यापासून चांगली पाव इंच लांब. काच उन्हाचा त्रास कमी करणारी, तिच्यामुळेच उशीर झाला. लाकूड साधं सागवानी, नक्षी नाही. मी सोनेरी बीडिंग मागितलं होतं, दादांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

एप्रनला त्यांनी खोल पेटी केली. त्यात उतरती गादी, तिच्यावर धुतलेलं कोरं सुती कापड, आणि एप्रन त्यावर टेकलेला, कातड्यात एकही टाका किंवा पिन नाही. पट्टा मागे दुमडून टाकता आला असता. त्यांनी तो पुढे घेतला, नागाचा आकडा बरोबर मध्ये येईल असा. हळदीचा डाग काढायचा का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. ‘मी काढणारही नव्हतो,’ ते म्हणाले, ‘पण विचारावं लागतं.’

शेवटच्या दिवशी मी बसले असताना त्यांनी चौकटीचे कोपरे तपासले. खिळ्याला लटकवलेला जुना लोखंडी गुण्या काढला, त्याचं एक टोक झिजून चकचकीत झालेलं, आणि चारी कोपऱ्यांत लावून उजेड येतो का ते पाहिलं. तिसऱ्या कोपऱ्यात केसाएवढा उजेड दिसला. माझ्या डोळ्यांना दिसलाही नसता. त्यांनी पिना उपसल्या, मुलाला हाक मारली, पट्टी पुन्हा तासायला लावली, आणि मला म्हणाले, ‘अर्धा तास बसा, नाहीतर तळ्यावर चक्कर मारून या.’ मी बसले. दाखल्यावर छापलेला गुण्या आणि त्यांच्या हातातला एकमेकांपासून वीतभर अंतरावर होते. मी दाखवलं तर म्हणाले, ‘त्यांचा काटकोनात दिसत नाही, छपाईत हललाय.’

हिशेब: दाखल्याची चौकट २,६००, एप्रनची पेटी ४,२००, पितळी पट्टी ५५०. ऑनलाइन पैसे मुलाच्या नंबरवर जातात. पावती लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मिळते, पण आकडे बरोबर असतात. निम्मे आगाऊ घेतात. घरपोच देत नाहीत, पेटी मला मांडीवर घेऊन रिक्षाने आणावी लागली, तेवढी बबलची गुंडाळी मात्र फुकट.

पाचपैकी साडेतीन तारे, दीड वेळेचा आणि फोनचा कापला. जुनी कागदपत्रं, सनदा, आजीच्या हातचं कशिदाकाम, असलं काही असेल तर दुसरीकडे जाऊ नका. सहावीच्या मुलीचं चित्र उद्याच्या प्रदर्शनाला हवं असेल तर इथे मुळीच जाऊ नका. दुचाकी गिरणीसमोर लावू नका, गिरणीवाला पीठ उडवतो. दुपारी एक ते चार बंद, गुरुवारी दिवसभर बंद. आणि जाताना वस्तूबरोबर ती कुणाची, कुठली, कधीची हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून जा, नाहीतर तुमच्याही नऊ खेपा होतील.